पावणेदोन सेकंदांचे पेडणेकर

पेडणेकरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते जेवणाचा डबा टेबलावरून ढकलत होते. ऑफिसच्या पँट्रीतलं लांबलचक टेबल, त्याच्या एका टोकाला पेडणेकर, आणि स्टीलचा डबा सर्रकन जाऊन दुसऱ्या टोकाच्या चार बोटं अलीकडे थांबलेला. ते चालत तिथे गेले, डबा उचलून परत आले आणि पुन्हा ढकलला. असं सात-आठ वेळा. मी नोकरीत दोन दिवसांची नवी, हातात चहा घेऊन दारातच उभी. शेवटी त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. ते अजिबात ओशाळले नाहीत. उलट मला जवळ बोलावून म्हणाले, "बघा हां मॅडम. थांबायच्या आधी तो विचार करतो."

मी बघितलं. डबा थांबला. त्याने विचार केला की नाही हे मला काही समजलं नाही. आत भेंडीची भाजी होती, एवढं मात्र वासावरून कळलं.

आमचं ऑफिस लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. मासळी घरपोच देणारं एक अ‍ॅप आम्ही चालवतो. नाव सांगत नाही, फुकट जाहिरात कशाला. त्या अ‍ॅपमधली मराठी वाक्यं मी लिहिते. बटणावर 'पुढे जा' लिहायचं की 'पुढे चला', याचा विचार करण्याबद्दल मला पगार मिळतो, आणि गिरगावातल्या माझ्या नातेवाइकांचा यावर अजून विश्वास बसलेला नाही. पेडणेकरांचं काम तर त्याहून सांगायला अवघड. तुम्ही मोबाईलवर कुठेतरी बोट टेकवता आणि खालून एक पान सरकत वर येतं. ते आपोआप येत नसतं. कसं यावं, किती वेगाने यावं, आल्यावर कसं विसावावं, हे कोणीतरी ठरवलेलं असतं. आमच्याकडे ते पेडणेकर ठरवतात. याला अ‍ॅनिमेशन म्हणतात. पेडणेकर त्याला 'हालचाल' म्हणतात.

वय पंचावन्न. बाकी सगळं ऑफिस पंचविशीतलं. एखादा पोरगा उत्साहाने उड्या मारणारं बटण बनवून त्यांना दाखवायला आणतो. पेडणेकर चष्मा कपाळावर चढवतात, मोबाईल नाकाशी नेतात आणि विचारतात, "वजन कुठाय?" पोराला कळत नाही. "हे बटण आहे का फुगा? उगाच नाचवू नका. वस्तू हलली की तिचं वजन दिसलं पाहिजे." मग पोरगा खाली मान घालून वजन शोधायला जातो.

स्वतःसाठीही त्यांना हाच नियम. मासा टोपलीत पडतो ते अ‍ॅनिमेशन करायचं होतं, तेव्हा त्यांनी बाजारातून खरं पापलेट आणलं आणि पँट्रीच्या सिंकमध्ये वेगवेगळ्या उंचीवरून पाडून पाहिलं. दुसऱ्या दिवशी बोंबील आणले. बोंबील पडत नाही, तो पसरतो, असा शोध लागल्यावर त्यांना झालेला आनंद मी डोळ्यांनी पाहिला आहे. ऑफिसात आठवडाभर वास होता. पण आजही आमच्या अ‍ॅपमध्ये पापलेट आणि बोंबील वेगवेगळे पडतात, आणि हे लक्षात आलेलं एकही गिऱ्हाईक मला अजून भेटलेलं नाही.

हे सगळं त्यांच्यात आलं लालबागमधून. तरुणपणी ते गणपतीत हलते देखावे करायचे. पडद्यामागे मोटार, मोटारीवर प्लायवूडची वेडीवाकडी कापलेली चकती, चकतीवर टेकलेला दांडा. चकती फिरली की तिच्या चढ-उताराप्रमाणे दांडा वर-खाली होतो आणि पुढे राक्षसाचा हात हलतो. सगळी करामत त्या चकतीच्या आकारात. एका वर्षी त्यांनी देव, राक्षस, सैन्य असा मोठा देखावा केला आणि कोपऱ्यात जागा उरली म्हणून एक म्हातारी बसवली. तिचं काम एवढंच, की हात उचलून कपाळाला लावायचा. लोकांनी राक्षसाकडे पाहिलंच नाही. म्हातारीने हात उचलला की रांगेतल्या बायकांचे हातही नकळत कपाळाला जायचे. "हात हलायच्या आधी खांदा हलतो," पेडणेकर आम्हाला सांगतात. "सगळे हातापासून सुरुवात करतात. म्हणून खोटं वाटतं." पुढे मंडळांना हलते देखावे नकोसे झाले, पेडणेकर दादरच्या एका क्लासात कॉम्प्युटर शिकले आणि फिरत फिरत आमच्याकडे आले.

चकती मात्र सुटली नाही. टेबलाच्या खणात प्लायवूडचे तुकडे, छोटी करवत आणि पॉलिशपेपर. कुठलीही हालचाल आधी लाकडात कापायची, मग डोळे मिटून कडेवरून बोट फिरवायचं. बोटाला कुठे खटका लागला नाही की हालचाल बरोबर. मग चकती मेल्विनकडे जाते. मेल्विन आमचा प्रोग्रॅमर, जन्माने गिरगावकर. लाकडाच्या तुकड्यावरून कॉम्प्युटरसाठी आकडे काढायचे, असलं काम जगात आणखी कोणाला नसेल. सुरुवातीला तो चिडायचा. आता तोही डोळे मिटून बोट फिरवतो.

पेडणेकरांची एकच गोष्ट कोणाला कळत नसे. रोज सकाळी अकराच्या सुमाराला त्यांचा फोन वाजायचा. ते "हॅलो" म्हणायचे नाहीत. "किती?" एवढंच विचारायचे. पलीकडून उत्तर आलं की टेबलावरच्या कॅलेंडरमध्ये त्या तारखेखाली आकडा लिहायचे. सहा. नऊ. सात. आकडा मोठा असला की त्या दिवशी ते सगळ्यांना चहा सांगायचे. लहान असला की दुपारपर्यंत कोणाच्या बटणात वजन सापडायचं नाही.

"काका मटका लावतात रे," मेल्विनने एकदा हळूच जाहीर केलं, आणि सगळ्या ऑफिसने ते मान्य केलं. लालबागचा माणूस, रोजचा आकडा, आणखी काय असणार? मीही मानलं. थोडं वाईट वाटलं, पण मानलं.

तर अशात कोळीवाड्याचं प्रकरण उभं राहिलं.

आमच्या साहेबांचं नाव आदित्य. वयाने माझ्याहून लहान, पण मालक तोच. त्याने वरळी कोळीवाड्यातल्या काही मासळीवाल्या बायकांना थेट अ‍ॅपवर घेतलं होतं. गिऱ्हाइकाने मोबाईलवर मासळी मागवायची, बाईने तिच्या मोबाईलवर 'घेतली' हे बटण दाबायचं, की आमचा माणूस जाऊन ती उचलणार. कल्पना चांगली. पण रोज सकाळी सातला ऑर्डरी जायच्या आणि नऊ-साडेनऊपर्यंत एकही बाई बटण दाबायची नाही. गिऱ्हाईक कंटाळून रद्द करायचं. नऊनंतर सगळ्याजणी फटाफट दाबायला लागायच्या, तोवर उपयोग संपलेला. आदित्यने बटण मोठं केलं. हिरवं केलं. देवळातल्या घंटेएवढा आवाज लावला. मी बटणाची वाक्यं पाच वेळा बदलली, शेवटचं तर इतकं गोड होतं की मीच ते दाबलं असतं. काही फरक नाही. आदित्यने सांगून टाकलं की महिनाअखेरपर्यंत हे सुधारलं नाही तर कोळीवाडा बंद, आपण गोदामातली बर्फातली मासळी विकू. इतक्या मेहनतीने मोबाईल शिकलेल्या त्या बायकांना सोडून द्यायचं, हे माझ्या जिवाला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पेडणेकरांचा मला फोन, की मॅडम, कोळीवाड्यात येता का?

गल्लीच्या तोंडाशी चंद्राबाई बसल्या होत्या. साठीच्या, आवाज खणखणीत, मोबाईल पाण्यापासून जपायला प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला आणि पिशवी पाटीशेजारी. आम्ही समोरच्या पायरीवर बसलो. सात वाजता मोबाईल घणघणला. चंद्राबाईंनी ढुंकून पाहिलं नाही. मी म्हटलं, मावशी, वाजतोय. "वाजू दे," त्या म्हणाल्या. "ओरडून ओरडून गप होतो." तो पाच वेळा ओरडून गप झाला. नवाच्या सुमाराला एक गृहस्थ बांगडे घेऊन गेले. चंद्राबाईंनी त्यांची नोट कपाळाला लावली, एका डोळ्याला लावली, दुसऱ्या डोळ्याला लावली, कोयत्याला टेकवली आणि कमरेला खोचली. मग हात पुसले आणि मोबाईल काढून सगळी बटणं दाबून टाकली.

"भवानी झाल्याबिगर मोबाईलला हात नाय लावत मी," त्यांनी सांगितलं. दिवसाची पहिली विक्री, ती हातात पडून कपाळाला लागली की मग धंदा उघडला. मी शहाणपणा केला. म्हटलं, मोबाईलवर आलेली पहिली ऑर्डर हीच भवानी समजा. डोळे न बघता मासा विकत घेणाऱ्या बाईकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"त्यातनं हाताला काय लागतं? टिंग वाजतं नि संपलं. मी कपाळाला काय लावू, बोट?"

आमच्या ऑफिसातल्या एवढ्या हुशार माणसांपैकी कोणालाही हा प्रश्न पडला नव्हता. परतताना टॅक्सीत पेडणेकर सारखे स्वतःचा हात कपाळाला नेत होते आणि खाली आणत होते. शेवटी टॅक्सीवाल्याने न विचारता पुढच्या खणातून बामची डबी काढून दिली. पेडणेकरांनी ती घेतली, आभार मानले आणि दुसऱ्या हाताने पुन्हा सुरू केलं. उतरताना मला म्हणाले, "तुमची चूक नाही मॅडम. इथे शब्दाचं काम नाही." मला ते लागलं, पण खरं होतं.

या वेळी त्यांनी नवी चकती कापलीच नाही. घरून एक जुनी घेऊन आले, तेलाने काळी पडलेली. मेल्विनला म्हणाले, अशीच्या अशी घे, आणि आजच घे, संध्याकाळी मला परत पाहिजे. त्या दिवशी अकराचा फोन आला नाही, हे मला बऱ्याच दिवसांनी आठवलं.

अ‍ॅनिमेशन तयार झालं. दिवसाच्या पहिल्याच ऑर्डरला बाईने बटण दाबलं की मोबाईलच्या तळातून एक नोट वर येते. आधी जडपणे, मग सहज. वरच्या कडेजवळ ती मंदावते, थांबते, किंचित वाकते, तिथे क्षणभर टेकते. मग टोपलीत उतरते. बस. आवाज नाही, झगमगाट नाही. मी पाहिलं आणि माझाच हात हलल्यासारखा वाटला.

आदित्यने पाहिलं आणि घड्याळ काढलं. नोट वर टेकेपर्यंत पावणेदोन सेकंद. त्याच्या मते अ‍ॅपमधली कुठलीही हालचाल पाव सेकंदाच्या पुढे गेली की माणूस कंटाळून दुसऱ्या अ‍ॅपवर जातो.

"कुठे जाणार आहे?" पेडणेकर म्हणाले. "टोपली घेऊन बसलीय ती."

आदित्य एक सेकंदावर आला. पेडणेकर नाही म्हणाले. सव्वा. नाही. मासळीबाजारातसुद्धा इतकी घासाघीस मी पाहिली नव्हती, आणि फरक एवढाच की इथे एक पार्टी भाव उतरवतच नव्हती. दीडवर आदित्यचा आवाज चढला. पेडणेकरांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही, तेव्हाही चढला नाही. "हात एवढाच वेळ घेतो," ते म्हणाले.

"कोणाचा हात, काका?"

पेडणेकरांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला. शेवटी आदित्य वैतागून म्हणाला की ठीक आहे, शुक्रवारी एक सकाळ तुमची. नाही चाललं तर सोमवारपासून कोळीवाडा बंद.

शुक्रवारी पहाटे आदित्य स्वतः कोळीवाड्यात आला, पांढरेशुभ्र बूट घालून. आम्ही तिघं त्याच पायरीवर. पेडणेकर चंद्राबाईंना इतकंच म्हणाले, मावशी, आज एकदा दाबून बघा, परत सांगायला येणार नाही. सात वाजले. मोबाईल घणघणला. चंद्राबाईंनी आमच्याकडे पाहिलं, सुस्कारा सोडला, अंगठा पदराला पुसला आणि पिशवीवरूनच बटण दाबलं.

मी मोबाईलकडे बघत नव्हते, त्यांच्या खांद्याकडे बघत होते. आधी खांदा हलला. मग कोपर. नोट वर निघाली असणार, कारण त्यांची नजर तिच्याबरोबर वर चढत गेली, आणि नजरेपाठोपाठ हात. पिशवीसकट मोबाईल कपाळाला लागला. मग एका डोळ्याला. मग दुसऱ्या डोळ्याला. मग कोयत्याला टेकला.

"झाली भवानी," चंद्राबाई म्हणाल्या, आणि शेजारणीकडे वळल्या. "गो, दाब तुझा पण. चांगलं हाय."

पाठोपाठ सगळ्या गल्लीत मोबाईल कपाळाला लागत गेले. आठच्या आत सकाळची एकही ऑर्डर अडकलेली नव्हती. आदित्य स्वतःच्या मोबाईलवर ते पाहत उभा होता, आणि त्याचा एक पांढरा बूट मासळीच्या पाण्यात पुरता बुडाला आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

"डोक्याला लावायचं तुम्ही सांगितलं होतं त्यांना?" त्याने विचारलं.

"कोणालाच सांगितलं नव्हतं," पेडणेकर म्हणाले. "लालबागला पण नव्हतं."

ऑफिसात टाळ्या झाल्या. मेल्विन टेबलावर चढला. कोळीवाडा राहणार आणि पावणेदोन सेकंदही राहणार, असं आदित्यने सगळ्यांसमोर सांगितलं. पुढच्या आठवड्यात मोठ्या पाहुण्यांपुढे हे सगळं मांडायला जाताना त्याने लॅपटॉप उघडण्याआधी कपाळाला लावला, हेही मी पाहिलं आहे, तो नाही म्हणतो. असो. पेढे मागवले, आणि तेवढ्यात अकराचा फोन वाजला.

"किती?" पेडणेकरांनी विचारलं. या वेळी कॅलेंडरवर काही लिहिलं नाही. पेन टेबलावर ठेवलं, डब्याची पिशवी उचलली आणि कोणाशी न बोलता निघून गेले. मेल्विन म्हणाला, काकांचा मोठा आकडा लागला. मला मात्र त्यांचा चेहरा बरा वाटला नव्हता. मी पेढ्यांचा खोका घेतला आणि टॅक्सीने त्यांच्यामागे लालबागला गेले.

चाळीतला दुसरा मजला, दार उघडं. आत स्टुलावर एक म्हातारी बसलेली. मी "नमस्कार आजी" म्हणून वाकले. आजी हलल्या नाहीत.

"तिला कमी ऐकू येतं," मागून आवाज आला. "आणि मोटार लावल्याशिवाय हलत पण नाही."

खुर्चीत पेडणेकरवहिनी बसल्या होत्या, शेजारी नुकतेच पोचलेले पेडणेकर. उजवा हात मांडीवर, उशीवर ठेवल्यासारखा. गेल्या दिवाळीच्या सुमाराला अर्धांगाचा झटका आला, त्यांनीच सांगितलं, बाजारभाव सांगावा तशा सुरात. हात उचलायचा व्यायाम डॉक्टरांनी दिला, पण त्यांना काही उत्साह वाटेना. तेव्हा पेडणेकरांनी मंडळाच्या सामानातून देखाव्यातली म्हातारी शोधून आणली, तिला रंग दिला, मोटार बसवली आणि बायकोसमोर आणून ठेवली. म्हातारी हात उचलणार, की वहिनींनी उचलायचा. तिच्याबरोबर किती वेळा जमलं, तो आकडा अकरा वाजता फोनवर कळवायचा.

"सवत आणलीय माझ्यावर," वहिनी म्हणाल्या. "दिवसभर समोर. एक शब्द बोलत नाही, आणि रोज माझ्या पुढे."

मी पेडणेकरांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. म्हातारीच्या पाठीला एक छोटं झाकण होतं आणि आत, तेलाने काळी पडलेली, ती चकती. वहिनींचा हात जेवढ्या वेळात जाऊ शकेल तेवढ्याच वेळात म्हातारीचा हात जावा, म्हणून ती त्यांनी घासून घासून बेतली होती. पावणेदोन सेकंद. आदित्यला ते उत्तर का देऊ शकले नाहीत ते मला तिथे कळलं, आणि मटक्याचं आठवून मी शरमेने खोक्याची दोरी सोडायला लागले.

"नुसतं 'घरी या' म्हणालीस, फोनवर का नाही सांगितलंस?" पेडणेकरांनी विचारलं. त्यांचा जीव अजून थाऱ्यावर नव्हता. "मला वाटलं पडलीबिडलीस."

"सांगण्यासारखं नव्हतं. दाखवण्यासारखं होतं. बसा."

वहिनींनी डाव्या हाताने बटण दाबलं. मोटार गुरगुरली. म्हातारीचा खांदा हलला, कोपर हललं, हात वर निघाला. मांडीवरचा वहिनींचा हातही निघाला. छातीपर्यंत दोघी बरोबर. हनुवटीपर्यंत बरोबर. तिथे वहिनींचा हात थरथरला, पेडणेकर अर्धे उठले, आणि मग तो हात सुटला. म्हातारीला मागे टाकून वर गेला आणि कपाळाला लागला. म्हातारी अजून नाकाशी होती. वहिनींनी हात कपाळावरच ठेवला आणि तिरप्या नजरेने तिच्याकडे पाहिलं.

"ये, ये," त्या म्हणाल्या. "सावकाश ये."

पेडणेकर घड्याळाकडे बघत राहिले. "दीड," ते म्हणाले. मला रडू आलं. ते लपवण्यासारखं नव्हतं आणि मी लपवलंही नाही.

पावणेदोनमधला एक क्षणही मालकाला न सोडणारा तो माणूस मग उठला. त्यांनी मोटार बंद केली, म्हातारीच्या पाठीचं झाकण उघडून चकती काढली आणि खणातून पॉलिशपेपर घेतला. चढ थोडा उभा करायला हवा, तिला वेग द्यायला हवा, असं काहीतरी पुटपुटत खिडकीशी बसून घासायला लागले. वहिनींनी माझ्या हातातला पेढा उजव्या हाताने घेतला. जरा वेळ लागला, पण घेतला.

"घासा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पण बेतानं. उद्या पण मलाच जिंकायचंय."